टायटॅनियमवर हाड धरायला हवं तर: कॉलेजच्या लॅबमधली अल्कली-हीट ट्रीटमेंट, माझ्या चुकांसकट

परवा रात्री साडेअकराला एका ज्युनियरचा मेसेज, "ताई, एसबीएफ एकदम दुधासारखं पांढरं झालंय, गाळून वापरू का?" एसबीएफ म्हणजे शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी, टायटॅनियमच्या चकतीवर हाडासारखा थर येतो का ते त्यात बुडवून बघतात. म्हटलं अजिबात नको, ओतून दे, बीकर धू आणि झोप. दर वर्षी कुणी ना कुणी हेच विचारतं, म्हणून आता एकदाचं सगळं लिहूनच टाकते. मी मेटलर्जीवाली, टायटॅनियमला कॉस्टिकमध्ये ठेवून, मग तापवून त्यावर हाड धरेल असा थर आणायचा, एम.टेक.चा प्रोजेक्ट यावरच केला आणि त्यातले पहिले तीन महिने अक्षरशः पाण्यात घातले, तुमचे तेवढे वाचले तरी पुष्कळ.

आधी दोन मिनिटं मागचं. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क सशाच्या हाडात टायटॅनियमची छोटीशी चेंबर बसवून आत रक्त कसं वाहतं ते बघत होते, काम झाल्यावर चेंबर काढायला गेले तर निघेचना, हाड घट्ट धरून बसलेलं. मग १९६५ मध्ये गोथेनबर्गला योस्टा लार्सन यांच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसले आणि ते चाळीस वर्षं टिकले. हाडाने धातूला असं थेट घट्ट धरण्याला पुढे ऑसिओइंटिग्रेशन नाव पडलं. पण ते स्क्रू लेथवर वळवलेले, गुळगुळीत, त्यामुळे खालच्या जबड्यात तीनेक महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबायचं आणि मगच वर दात बसवायचा. पुढची चाळीस वर्षं सरफेस ट्रीटमेंटवर जे काम झालं ते मुख्यतः हा थांबायचा वेळ कमी करायला आणि मऊ, ठिसूळ हाडातही पकड मिळवायला.

आणि यातली गोम अशी की हाडाला आतला धातू दिसतच नाही. टायटॅनियम हवेत आलं रे आलं की त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर येतो, पेशींचा आणि प्रोटीनचा सगळा व्यवहार त्या थराशी. म्हणजे तुमची डिस्क, टायटॅनियमची चाचणीची चकती, दोन मिलिमीटर जाड असली तरी प्रोजेक्ट खरा वरच्या एका मायक्रॉनवर चाललाय, आणि तो मायक्रॉन बोटाच्या तेलाने, नळाच्या पाण्याने, साध्या हवेनेसुद्धा बिघडतो. माझे तीन महिने गेले ते केमिस्ट्री चुकली म्हणून नाही, हात लावला म्हणून.

बाजारात काय काय चालतं ते थोडक्यात. दातांमध्ये सगळ्यात रुळलेलं एसएलए, म्हणजे पाव ते अर्धा मिलिमीटरच्या कोरंडमच्या दाण्यांचा मारा करून मग हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये एचिंग, त्याने मोठ्या खड्ड्यांत बारके खड्डे पडतात आणि साधारण एक ते दोन मायक्रॉनचा खडबडीतपणा मिळतो, तोच हाडाला मानवतो. दुसरं अ‍ॅनोडायझिंग, त्यात व्होल्टेज लावून ऑक्साइड जाड आणि सच्छिद्र करतात. कृत्रिम खुब्याच्या दांड्यावर १९८५-८६ पासून हाडातल्यासारखं कॅल्शियम फॉस्फेटचं खनिज, म्हणजे हायड्रॉक्सीअ‍ॅपॅटाइट प्लाझ्माने फवारतात, किंवा मग मण्यांचं सच्छिद्र कोटिंग असतं ज्याच्या भोकांत हाड वाढून शिरतं. माझ्या मावशीने दाताचा इम्प्लांट करताना विचारलेलं की यातलं कुठलं बेस्ट, तिला म्हटलं मावशी, खडबडीत केलेले सगळे बरेच आहेत, तू डॉक्टरचा हात बघ आणि आधी हिरड्या सांभाळ.

कॉलेजच्या लॅबसाठी मात्र मी अल्कली-हीट ट्रीटमेंटच सांगेन. क्योटोच्या कोकुबो यांच्या गटाने १९९६ मध्ये ती मांडली, २००७ पासून जपानमध्ये खऱ्या पेशंटच्या खुब्यात ती वापरात आहे, आणि लागतं काय तर कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड), ओव्हन आणि मफल फर्नेस, म्हणजे खूप तापणारी बंद भट्टी. प्लाझ्मा गन नको, की पॉवर सप्लाय नको. काही पेपरांत आधी हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडने एचिंग करा असं दिसेल, त्याच्या नादी लागू नका, ते अ‍ॅसिड कातडीतून आत जाऊन हाडातलं कॅल्शियम धरतं, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि ते वापरायचं ट्रेनिंग असल्याशिवाय ती बाटली उघडायचीच नाही, गाईड म्हणाले तरी नाही.

डिस्क. ग्रेड २ किंवा ग्रेड ४ चा प्युअर टायटॅनियम रॉड घ्या, १० मिलिमीटर व्यासाच्या २ मिलिमीटर जाडीच्या चकत्या पाडा. आम्ही भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून वायरकट करून, म्हणजे विजेच्या ठिणग्या सोडणाऱ्या तारेने कापून आणायचो, मस्त सरळ काप येतो, पण वायर पितळेची असते आणि कापलेल्या जागी वितळून पुन्हा थिजलेला एक थर राहतो ज्यात तांबं-जस्त असतं. तो दिसत नाही पण असतो. म्हणून २२० च्या पेपरवर दोन्ही बाजू नीट घासून काढा आणि मग ४०० वर एकसारख्या करा. आरशासारखं पॉलिश करायच्या भानगडीत पडू नका, त्याची इथे गरज नाही. घासायचं ओलंच, टायटॅनियमची कोरडी भुकटी पेट घेते.

चकत्या मोजताना कंजूषी नको. नुसती घासलेली, फक्त अल्कली केलेली, फक्त तापवलेली आणि अल्कली करून तापवलेली अशा चार तऱ्हा हव्यात आणि प्रत्येकीच्या तीन-तीन तरी प्रत्येक दिवसासाठी. मी पहिल्या बॅचला नुसती घासलेली डिस्क ठेवलीच नव्हती, प्रेझेंटेशनमध्ये पहिलाच प्रश्न आला "याच्याशी कंपेअर कशाला केलं?" आणि मी गप्प.

धुणं. अ‍ॅसिटोन, मग इथेनॉल, मग डिस्टिल्ड वॉटर, प्रत्येकात दहा-दहा मिनिटं सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी धुणारं यंत्र. यापुढे चकतीला बोट लावायचं नाही, ग्लोव्हज घातलेलंसुद्धा नाही, कारण पावडरवाले ग्लोव्हज असले तर ती पावडर चिकटते. टेफ्लॉनची किंवा प्लॅस्टिकची चिमटी घ्या आणि कडेला धरा. स्टीलच्या चिमट्याने ओरखडा पडला की नंतर तो एसईएममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली, नदीसारखा दिसतो.

आता कॉस्टिक. ५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे १०० मिलीत २० ग्रॅम. पाण्यात गोळ्या थोड्या थोड्या टाकायच्या, गोळ्यांवर पाणी ओतायचं नाही, बीकर हाताला चटका बसेल इतका तापतो म्हणून बाहेर थंड पाण्याचं टब ठेवा. गॉगल लावा. खरंच लावा, अ‍ॅसिडपेक्षा कॉस्टिक डोळ्याला वाईट, आत मुरत जातं. भांडं पॉलिप्रोपिलीनचं किंवा टेफ्लॉनचं, काचेचं नाही, गरम कॉस्टिक काच खातं आणि ती सिलिका तुमच्या सरफेसवर येऊन बसते. चकत्या एकमेकींवर नकोत, कडेवर तिरक्या उभ्या राहतील असं बघा, झाकण घट्ट लावा नाहीतर पाणी उडून द्रावण घट्ट होतं, आणि ६० डिग्रीला ओव्हनमध्ये २४ तास.

दुसऱ्या दिवशी काढल्यावर चकती बघून वाटेल काहीच झालं नाही, थोडी मंद पडली एवढंच. पण तिच्यावर सोडियम टायटॅनेटचा जेलसारखा थर आलेला असतो आणि तो या क्षणी अगदी नाजूक, ओल्या पापडासारखा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये हळूच बुडवून काढायची, दोन-तीनदा पाणी बदलून, आणि सोनिकेटर इथे बंद म्हणजे बंद. मी सवयीने घातली होती सोनिकेटरमध्ये, थर निम्मा पाण्यात. मग ४० डिग्रीला २४ तास सुकवा.

पुढे मफल फर्नेस, मिनिटाला ५ डिग्री चढवत ६०० पर्यंत, तिथे एक तास, आणि मग फर्नेसमध्येच थंड होऊ द्या. दार उघडून बघायचा मोह आवरा. या तापवण्याने जेल सुकून घट्ट बसतं, नाहीतर ते नखाने निघतं. जास्त तापवलं तर जास्त चांगलं असं नाही, ८०० च्या आसपास गेलात तर थर इतका शांत होतो की हाडाशी देवाणघेवाण करायची त्याची क्षमताच घटते. आमच्या फर्नेसचा डिस्प्ले सरळ खोटं बोलायचा, वेगळं थर्मोकपल आत सोडलं तेव्हा कळलं, तुम्हीही एकदा तपासून घ्या.

इथे एक सोपी टेस्ट, मशीन नसलं तरी चालते. घासलेल्या चकतीवर आणि ट्रीटमेंट केलेल्या चकतीवर पिपेटने एकेक बारीक थेंब सोडा आणि डोळे चकतीच्या पातळीला आणून बाजूने बघा. घासलेलीवर थेंब अळवावरच्या पाण्याइतका गोल नाही पण फुगून बसतो. दुसरीवर तो टेकताक्षणी पसरतो आणि कडेपर्यंत जातो, थेंब असा राहतच नाही. तो पसरला तर पुढे जा, नाही पसरला तर परत जा. मी तर तीच पसरणारी चकती उघड्या पेट्रीडिशमध्ये महिनाभर ठेवून पाहिली, थेंब पुन्हा फुगायला लागला. हवेतले हायड्रोकार्बन बसतात, एवढंच. टायटॅनियमच्या या म्हातारपणावर लॉस एंजेलिसला ओगावा यांच्या गटाने बरंच काम केलंय, यूव्ही मारून ते परत तरुण करता येतं असं त्यांचं म्हणणं, आणि काही कंपन्या इम्प्लांट सलाइनमध्ये बुडवूनच पॅक करतात तेही याचसाठी. आपल्यापुरतं म्हणजे, फर्नेसमधून काढल्यावर आठवड्याच्या आत पुढचं सुरू करा, तोवर डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा न लागू देणाऱ्या बंद भांड्यात.

आता एसबीएफ, म्हणजे सिम्युलेटेड बॉडी फ्लुइड. रक्ताच्या पाण्यात जेवढे क्षार असतात जवळपास तेवढेच, पेशी आणि प्रोटीन सोडून. यातच सगळे रडतात. अडचण अशी की हे द्रावण मुळातच कॅल्शियम फॉस्फेटने ओतू जाईल इतकं भरलेलं आहे, ते साखळून खाली बसायला निमित्तच शोधत असतं, दूध नासायला लिंबाचा थेंब पुरतो तसं. काचेवरचा एक ओरखडा, एक धुळीचा कण, ट्रिस (पीएच सांभाळणारी पावडर) घाईने ओतलं, झालं. म्हणून बीकर प्लॅस्टिकचा, नवा, ओरखडे नसलेला. एक लिटरसाठी ७०० मिली डिस्टिल्ड वॉटर घ्या, ३६.५ डिग्रीला आणा, मॅग्नेटिक स्टरर लावा आणि याच क्रमाने, आधीचं पूर्ण विरघळल्याशिवाय पुढचं नाही:

सोडियम क्लोराइड ८.०३५ ग्रॅम
सोडियम बायकार्बोनेट ०.३५५ ग्रॅम
पोटॅशियम क्लोराइड ०.२२५ ग्रॅम
डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट, तीन पाण्याचं (स्फटिकात पाण्याचे तीन रेणू असलेलं), ०.२३१ ग्रॅम
मॅग्नेशियम क्लोराइड, सहा पाण्याचं, ०.३११ ग्रॅम
१ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड ३९ मिली
कॅल्शियम क्लोराइड ०.२९२ ग्रॅम
सोडियम सल्फेट ०.०७२ ग्रॅम

कॅल्शियमच्या आधी अ‍ॅसिड का, तर आंबट पाण्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भांडत नाहीत. हा क्रम उलटा केला की ज्युनियरचा दुधाळ फोटो. कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी पितं, वजनकाट्यावर बघता बघता आकडा चढतो, म्हणून बाटली उघडा, पटकन वजन करा, बंद करा. बाटलीवर किती पाण्याचा क्षार आहे तेही वाचा, आमच्या कपाटात दोन पाण्याचा होता आणि मी निर्जळाचं वजन घेतलेलं, बॅच गेली.

एवढं झालं की पाणी घालून ९०० मिलीपर्यंत आणा आणि मग ट्रिस, एकूण ६.११८ ग्रॅम, पण चिमूट चिमूट. एक चिमूट, पीएच स्थिर होईपर्यंत थांबा, पुढची चिमूट. एकदम टाकलं तर ते जिथे पडतं तिथे पीएच उडी मारतो आणि तिथेच पांढरं धरतं. ७.४५ ला आला की १ मोलर अ‍ॅसिडचा थेंब टाकून ७.४२, पुन्हा ट्रिस, असं करत सगळं ट्रिस संपवा आणि शेवटी ३६.५ डिग्रीला बरोबर ७.४०. तापमानाचं एवढं कौतुक का, तर ट्रिसचा पीएच तापमानाने हलतो, पाणी गार असताना ७.४० केलात तर अंगाच्या तापमानाला ते ७.४० राहत नाही. पीएच मीटरही त्याच तापमानाच्या बफरने कॅलिब्रेट करा. मग २० डिग्रीला थंड करून एक लिटर पूर्ण करा. तयार द्रावण पाण्यासारखं स्वच्छ, रंगहीन, जराही धूसर नको. थोडं वेगळ्या डबीत घालून दोन-तीन दिवस तसंच ठेवून बघा, तळाशी काही बसलं तर अख्खी बॅच फेका, गाळून वापरायची आयडिया सगळ्यांनाच येते आणि सगळ्यांचीच फसते, कारण जे गाळलं तेच तर चकतीवर यायला हवं होतं. उरलेलं फ्रिजमध्ये ५ ते १० डिग्रीला, महिन्याच्या आत संपवा.

किती ओतायचं याचा नियम सोपा, चकतीचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये काढा आणि दहाने भागा, ते मिली. आपल्या चकतीच्या दोन तोंडांचे १५७ आणि कडेचे ६३, मिळून २२०, म्हणजे २२ मिली. प्रत्येक चकतीला वेगळी डबी. तिरकी टेकवून ठेवा आणि तपासायचं तोंड खाली, कारण पाण्यात आपोआप साखळलेलं काही असलंच तर ते वरच्या तोंडावर बसेल आणि तुम्ही उगाच हुरळून जाल. ३६.५ डिग्रीला इन्क्युबेटरमध्ये, १, ३, ७, १४ आणि २८ दिवसांनी काढा. मध्ये द्रावण बदलायचं की नाही यावर लॅबगणिक पद्धत वेगळी, मी बदलत नाही, तुम्ही जे कराल ते सगळ्या डब्यांना सारखं करा आणि लिहून ठेवा.

आत काय चाललेलं असतं ते बघण्यासारखं आहे. थरातलं सोडियम द्रावणात सुटतं, त्या जागी पाण्यातला हायड्रोजन येतो, चकतीजवळचा पीएच किंचित चढतो. सोडियम गेल्याने सरफेस ऋण भाराचा होतो, त्याकडे कॅल्शियम ओढलं जातं, कॅल्शियम जमलं की त्याच्या ओढीने फॉस्फेट येतं, आणि हळूहळू हाडातल्यासारखा अ‍ॅपॅटाइट तयार होतो. पुढे हाड चिकटतं ते या थराला, असा यामागचा तर्क.

तपासणी. एसईएममध्ये एसबीएफच्या आधीची चकती म्हणजे हुबेहूब घावनाची जाळी, बारीक, सगळीकडे सारखी. एसबीएफनंतर त्या जाळीवर गोल गोल गोळे दिसायला हवेत, जवळ गेलं की गोळ्यावर पाकळ्या. चांगली जमलेली चकती आठवड्याभरात भरून जाते. माझ्या पहिल्या सॅम्पलवर सातव्या दिवशी सुंदर टोकदार चौकोनी स्फटिक दिसले, खडीसाखरेसारखे, मी आनंदाने गाईडना फोटो पाठवला, घरी आईलाही पाठवला. मग ईडीएस, म्हणजे कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगणारी तपासणी, लावलं तर सोडियम आणि क्लोरीन. मीठ. साधं मीठ, नीट धुतलं नव्हतं म्हणून सुकताना उगवलेलं. तेव्हा बाहेर काढल्यावर डिस्टिल्ड वॉटरने हलक्या हाताने पण पुरतं धुवा, आणि अ‍ॅपॅटाइट चौकोनी नसतो एवढं लक्षात ठेवा.

अजून एक सापळा, याने माझा आख्खा एसईएमचा स्लॉट खाल्ला. ऑपरेटर सवयीने सोन्याचं कोटिंग करतो. ईडीएसमध्ये सोन्याचा एक पीक (आलेखातलं टोक) फॉस्फरसच्या पीकवर जवळजवळ चढूनच बसतो, प्लॅटिनमचंही तेच, मग तुम्हाला फॉस्फरस खरंच आहे की नाही ते कळतच नाही आणि कॅल्शियम-फॉस्फरसचं गुणोत्तर भलतंच येतं. फॉर्मवर ठळक लिहा, कार्बन कोटिंग. एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या तपासणीला, बारीक कोनाचा, थिन फिल्म मोड मागा, नाहीतर सगळे पीक खालच्या टायटॅनियमचेच येतात, अ‍ॅपॅटाइटचे २६ आणि ३२ अंशांच्या आसपास बघा. हे दोन पीक, गोळे आणि कॅल्शियम-फॉस्फरस १.६७ च्या जवळपास, तिन्ही जुळलं तरच अ‍ॅपॅटाइट म्हणा.

आणि व्हायवात हमखास येणारा प्रश्न, एसबीएफमध्ये अ‍ॅपॅटाइट आला म्हणजे शरीरात हाड चिकटेलच का? नाही. २००९ मध्ये बोनर आणि लमेत्र यांनी या टेस्टवरच बोट ठेवलं, ट्रायकॅल्शियम फॉस्फेटसारखी मटेरियल्स हाडाला धरतात पण एसबीएफमध्ये अ‍ॅपॅटाइट दाखवतीलच असं नाही, आणि द्रावणात प्रोटीन नाहीत की पेशी नाहीत. शिवाय खऱ्या ऑपरेशनमध्ये इम्प्लांट हाडात दीडशे मायक्रॉनच्या पुढे हलत राहिला तर भोवती हाडाऐवजी तंतूंचं जाळं तयार होतं, मग वर कुठलीही ट्रीटमेंट असो. तेव्हा थिसिसमध्ये "बायोअ‍ॅक्टिव्ह असल्याचे सिद्ध झाले" असं लिहू नका, "एसबीएफमध्ये अ‍ॅपॅटाइट तयार झाला" एवढंच लिहा. बाहेरून आलेला परीक्षक पुढे काही बोलू शकत नाही.

राहिला वेळेचा हिशोब, तो उलटा मांडा. चकत्या घासण्यात एक आठवडा, ट्रीटमेंटचे चार दिवस, एसबीएफ पहिल्यांदा बिघडणार म्हणून त्याचा एक आठवडा, मग २८ दिवस, आणि त्यानंतर एसईएमचा नंबर. तो स्लॉट चकत्या डबीत टाकल्या त्याच दिवशी बुक करा, कारण मार्च उजाडला की अख्ख्या कॉलेजला एकाच वेळी एसईएम आठवतं.